मनुष्यबळ खर्च आणि कामाची वाटणी (कोल्हापूरचा फाउंड्री उद्योग)

कारखान्यात माणसामागे होणारा एकूण खर्च मोजणे आणि कोणते काम कोणाकडे हे ठरवून देणे, अशी ही जोड व्यवस्था आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रींत (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांत) तिचा हिशेब शेवटी किलोवर येतो : एक किलो कास्टिंगमागे (ओतीव मालामागे) मजुरी किती पडली?

पगारपत्रकावरचा आकडा म्हणजे खर्च नव्हे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये घेणारा मोल्डर, म्हणजे साचे बनवणारा कामगार, धरू. भविष्य निर्वाह निधीत मालकाचे १२ टक्के, त्यावर विमा व प्रशासन शुल्क एक टक्का, म्हणजे १,९५० रुपये. ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) ३.२५ टक्के म्हणजे ४८८. किमान ८.३३ टक्के बोनस पूर्ण पगारावर धरला तर महिन्याला १,२५०, आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ७२१. माणूस १९,४०० च्या पुढे गेला. भरपगारी रजा, गणवेश, चहा अजून बाहेरच. उचल, म्हणजे कामगाराने आगाऊ घेतलेली रक्कम, मात्र यात धरू नये. ती येणे बाकी असते, तरी अनेक छोट्या शॉपमध्ये ती पगारातच लिहिलेली सापडते.

असे दहाजण मोल्डिंगला असतील आणि महिन्याला ५० टन माल ओतला जात असेल, तर त्या विभागाची मजुरी किलोला ३ रुपये ८८ पैसे पडते. त्यातला ४ टन रिजेक्ट झाला की तीच ४ रुपये २२ पैसे होते. पगारकपातीपेक्षा रिजेक्शनवर लक्ष ठेवणे फायद्याचे, ते यामुळे. ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यावा लागतो, शिवाय थकलेल्या हाताचा साचा बिघडतो तो वेगळाच.

मूळ वेतन लहान ठेवून भत्ते फुगवायची जुनी युक्ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनी बरीच बोथट केली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते.

पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना), कोअर (मालातल्या पोकळीसाठीचा गाभा), मोल्डिंग (साचा बनवणे), मेल्टिंग (धातू वितळवणे), फेटलिंग (ओतलेला माल घासून साफ करणे), तपासणी ही कामे कागदावर वेगळी असतात. लहान शॉपमध्ये मोल्डिंगचा सुपरवायझरच दुपारी गाडी भरून देतो. खरी अडचण गैरहजेरीची. कामगारांपैकी अनेकांची गावाकडे शेती असते. रोपलावण, ऊसतोड, जोतिबाची चैत्र यात्रा आली की हजेरीपटात फुल्या वाढतात. फेटलिंगचा एकजण नसला तर माल एक दिवस पडून राहतो, पण भट्टीवरचा माणूस नसला तर पाळीच थांबते. म्हणून भट्टीला कायम दोन माणसे तयार ठेवतात, आणि त्या दुसऱ्याला शिकवण्याचा खर्चही मनुष्यबळातच मोडतो.

यासाठी सुपरवायझरच्या केबिनबाहेर कौशल्य तक्ता लावतात. उभ्या रांगेत नावे, आडव्या रांगेत कामे, प्रत्येक चौकटीत चार भाग केलेले वर्तुळ. पाव भरले म्हणजे शिकतोय. पूर्ण भरले म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेली वर्तुळे शाईच्या रंगावरून लगेच ओळखू येतात.