चावी फिरवण्याआधी

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं आणि वडोदऱ्यात पार्किंगमध्ये उभ्या असंख्य गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर आमच्या शेजारच्या काकांनी पहिल्यांदा काय केलं, तर चावी फिरवली. धप्प आवाज झाला, इंजिन जागीच अडलं. मेकॅनिक आला आणि कळवळून म्हणाला, "काका, आधी प्लग काढायला हवे होते!" प्लग म्हणजे स्पार्क प्लग, सिलिंडरच्या तोंडाशी बसून ठिणगी पाडणारे.

सिलिंडरमध्ये वर-खाली होणारा पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी नाही. १२०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, १० असेल, तर पिस्टन वर पोचल्यावर जेमतेम ३३ सीसी जागा उरते. दोन मोठे चमचे! त्याहून जास्त पाणी आत असेल तर इंजिन अडतं. चालत्या गाडीने पाणी ओढलं, तर पिस्टनला खालून जोडलेला कनेक्टिंग रॉडच वाकतो. डिझेल इंजिनात ही जागा आणखी कमी असते.

म्हणून आधी प्लग काढून इंजिन फिरवायचं, म्हणजे त्या भोकांतून पाणी बाहेर उडतं. हे काम किती वेळाचं, ते मात्र गाडीच्या रचनेवर ठरतं. काही गाड्यांत बॉनेट उघडलं की प्लग समोरच असतात. वरची, ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल सोडवली की पाना थेट पोचतो. काहींत प्लगवर इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरना हवा पोचवणारा नळ्यांचा जोड, बसवलेला असतो. तो उतरवा, सांध्यातली गॅस्केट (सीलची चकती) बदला, मग प्लग. डिझेलला स्पार्क प्लगच नसतात. तिथे ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे) किंवा इंजेक्टर (डिझेल फवारणारे) काढावे लागतात, आणि कार्बनने घट्ट बसलेला इंजेक्टर सहजी निघत नाही.

ही अडचण कुणी मुद्दाम केलेली नसते. आतली माणसं ऐसपैस बसावीत म्हणून बॉनेटखालची जागा आक्रसते. कारखान्यात इंजिन बहुधा खालून, एकसंध चढवतात, तेव्हा मॅनिफोल्ड आड येत नाही. तो आड येतो गॅरेजमध्ये. मला वाटतं, रचना करणाऱ्याने एकदा तरी स्वतः पाना घेऊन तिथे हात घालून पाहावा.

काकांचा रॉड वाचला. पण त्यांच्या गाडीचा कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, उष्णतेपासून लांब म्हणून केबिनमध्ये, खाली, गालिच्याजवळ बसवलेला होता. गालिच्याखालचा फोम कित्येक दिवस ओला राहिला. दिवाळीच्या सुमारास कनेक्टर उघडला, तर तांब्याच्या पिना हिरव्या पडल्या होत्या.