बॅलन्सिंग की अलाइनमेंट? नवे टायर टाकल्यावर गाडी थरथरते तेव्हा आणि भरकटते तेव्हा

दिवाळीच्या आधी मामांनी गाडीला चारही टायर नवे टाकले. आठवड्याभराने पुण्याहून कोल्हापूरला निघाले आणि शिरवळला चहाला थांबल्यावर त्यांचा फोन आला. "अरे, जुने टायर बरे होते. खड्डा नाही तरी दणके बसतायत, स्टेअरिंग थरथरतंय आणि गाडी सरळ चालत नाही, सारखी सावरावी लागते. अलाइनमेंट तर टायर टाकतानाच करून घेतलीय. परत करून घेऊ का?"

मामांच्या एका दमात तीन तक्रारी होत्या, आणि तिन्हींचं कारण एकच नव्हतं. पण टायरच्या दुकानात या तिन्हींवर एकच औषध सांगतात, "अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून टाका." हे दोन शब्द इतके जोडीने उच्चारले जातात, बिलावरही एकाच ओळीत येतात, की बहुतेकांना ते एकाच कामाचं नाव वाटतं. प्रत्यक्षात कामं दोन आहेत, यंत्रं दोन आहेत आणि एकाचा दोष दुसऱ्याने जात नाही. थरथरणाऱ्या गाडीची दहा वेळा अलाइनमेंट केली तरी ती थरथरतच राहील.

बॅलन्सिंग म्हणजे एकेका चाकाचा स्वतःपुरता हिशेब. चाक गाडीवरून काढतात, यंत्रावर चढवतात, फिरवतात, वजन कुठल्या बाजूला जास्त आहे ते बघतात आणि रिमला छोटी वजनं लावून तोल साधतात. अलाइनमेंटमध्ये चाक काढतच नाहीत. चारही चाकं गाडीला असतानाच एकमेकांच्या आणि गाडीच्या मधल्या रेषेच्या हिशेबात कुठल्या कोनात उभी आहेत ते मोजतात. म्हणून बॅलन्सिंग बिघडलं की गाडी थरथरते, पण जाते सरळ. अलाइनमेंट बिघडली की गाडी गुळगुळीत चालते, पण सरळ जात नाही.

मी मामांना पहिला प्रश्न विचारला तो वेगाचा. "थरथर कितीला सुरू होते?" ते म्हणाले, "ऐंशीच्या पुढे. गावात काहीच नाही." हे उत्तर बॅलन्सिंगकडे बोट दाखवणारं आहे. १४ इंची रिमच्या कडेला २० ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. गाडी ताशी १०० किलोमीटरने चालली असेल तर ते २० ग्रॅम चाकाला जवळजवळ तीन किलोच्या जोराने बाहेर ओढतात, आणि ही ओढ सेकंदाला साधारण पंधरा वेळा दिशा बदलत फिरते. ताशी ५० ला तीच ओढ पाऊण किलोवर येते, कारण वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. शिवाय सस्पेंशनसकट चाकाची स्वतःची एक लय असते. ८० ते ११० च्या दरम्यान चाकाचे फेरे त्या लयीला जाऊन मिळतात, म्हणून तिथे थरथर सगळ्यात जास्त जाणवते. कधी त्याच्याही पुढे वेग नेला तर कमी झाल्यासारखी वाटते. शहरात जन्मभर न कळलेला दोष द्रुतगती मार्गावर पहिल्या दहा मिनिटांत कळतो तो यामुळेच.

दुसरा प्रश्न, थरथर हाताला लागते की बुडाला? स्टेअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं बघायची, सीटमध्ये किंवा पायाखालच्या पत्र्यात असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर टायरला दोष देऊ नका, ब्रेकची डिस्क तपासा.

भरकटण्याचं वेगळं आहे. तिथे वेगाची ठरावीक पायरी नसते. गाडी चाळीसलाही सैल वाटते. आणि यातही दोन प्रकार आहेत. गाडी कायम एकाच बाजूला जात असेल तर आपण म्हणतो गाडी ओढतेय. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल, बारीकबारीक सावरावी लागत असेल, तर ती भरकटतेय. दुकानात हा फरक सांगितला तर निम्मं निदान तिथेच होतं.

अलाइनमेंटमध्ये तीन कोन असतात. पहिला टो. उभं राहून दोन्ही पायांची बोटं आत वळवली किंवा बाहेर फाकवली, तसा हा प्रकार. पुढची चाकं बोटं फाकवल्यासारखी झाली की गाडी भरकटते, कारण प्रत्येक चाक आपापल्या बाजूला पळायला बघतं आणि रस्त्याच्या जराशा उंचसखलाने कधी हे जिंकतं, कधी ते. दुसरा कॅम्बर, म्हणजे चाकाचं वरचं टोक आत किंवा बाहेर झुकणं. तिसरा कास्टर. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो, त्यामुळेच सायकल सरळ राहते आणि वळणानंतर हँडल आपोआप मध्ये येतं. मोटारीतला कास्टर हेच काम करतो.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत यातला फक्त पुढचा टो नट फिरवून जुळवता येतो. बाकीचे कोन कारखान्यात ठरलेले असतात. म्हणून अलाइनमेंटच्या छापील रिपोर्टवर कॅम्बर लाल, म्हणजे मर्यादेबाहेर, दिसत असेल तर कुठला तरी भाग वाकलाय किंवा झिजलाय असा त्याचा अर्थ. काही ठिकाणी यावर हायड्रॉलिक जॅक आणि साखळी लावून स्ट्रटच (चाकाला धरणारा सस्पेंशनचा उभा दांडा) दाबून वाकवतात आणि आकडा हिरवा करून देतात. कृपा करून हे करू देऊ नका. ज्या लोखंडावर गाडीचा भार आणि तुमची माणसं आहेत, ते असं वाकवायचं नसतं. वाकलेला भाग बदलायचा असतो.

टो किती महत्त्वाचा, त्याचा एक हिशेब सांगतो. दोन्ही चाकं मिळून टो फक्त तीन मिलिमीटर चुकला असेल तर प्रत्येक टायर दर किलोमीटरला सुमारे अडीच मीटर आडवा घासला जातो. पुणे-कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटर धरलं तर एका फेरीत अर्धा किलोमीटरहून जास्त. नव्या टायरवरून आडवा हात फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं तर टो चुकलाय हे रिपोर्टशिवायही कळतं. काही हजार किलोमीटर झाल्यावर ही खूण चांगली लागते, म्हणून टायर बदलण्याआधी जुन्या टायरवरूनही असाच हात फिरवायला हवा. जुना टायर सगळं सांगत असतो आणि आपण तो दुकानातच टाकून येतो.

मग भरकटणं नव्या टायरबरोबरच का सुरू होतं? जुना टायर चुकलेल्या कोनातच झिजत झिजत त्याच्याशी जुळवून घेतो. शिवाय झिजलेल्या टायरच्या नक्षीचे रबरी ठोकळे बुटके असतात, फारसे हलत नाहीत. नव्या टायरचे ठोकळे सात-आठ मिलिमीटर उंच, रबरही कोवळं. स्टेअरिंग हलवलं की आधी ठोकळे वाकतात, मग गाडी वळते. पहिले तीनचारशे किलोमीटर गाडी जरा मऊ आणि सैल वाटते ती यामुळे. टायर साच्यातून सुटून निघावा म्हणून लावलेला निसरडा थरही या काळात घासून जातो, तोवर जोरात ब्रेक आणि जोरात वळणं टाळलेली बरी. एवढ्याने जाणारा सैलपणा हा दोष नव्हे.

पण टाय रॉडच्या (स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) टोकाला किंवा बॉल जॉइंटला (चाक वळू देणारा सस्पेंशनचा सांधा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर तो असा जात नाही. हे घरीही तपासता येतं. सपाट जागी गाडीला नीट स्टँड लावून पुढचं चाक उचला. घड्याळाच्या नऊ आणि तीनवर हात ठेवून हलवा. खटखट झाली तर बहुतेक टाय रॉड. बारा आणि सहावर हलवून खटखट झाली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. सांधा सैल असताना केलेली अलाइनमेंट दुकानाच्या फाटकाबाहेर पडेपर्यंतच टिकते. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी सांधे, मग हवा, मग बॅलन्सिंग आणि शेवटी अलाइनमेंट. दुकानात नेमकं उलटं होतं, कारण अलाइनमेंटचं यंत्र रिकामं असतं.

हवेचं नाव मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण मामांच्या दणक्यांचं उत्तर तिथेच होतं. टायर रिमवर बसवताना कडा फटकन बसावी म्हणून दुकानात हवा चाळीस पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) भरतात. ती नंतर कमी करायची असते, आणि गर्दीच्या दिवशी राहून जाते. मामांना मी शिरवळला हवा काढायला सांगितलं नाही. चालून तापलेल्या टायरमध्ये काटा तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो, तेव्हा काढली तर थंड झाल्यावर कमी पडते. हळू चालवा आणि उद्या सकाळी गाडी हलवण्याआधी बघा, एवढंच सांगितलं. कोल्हापूरला सकाळी काटा चारही चाकांना ४० दाखवत होता. चालकाच्या दाराच्या खांबावरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं ३३. टायरवर छापलेला हवेचा आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, भरायचा आकडा त्या चिठ्ठीवरचा.

सात पीएसआय उतरवल्यावर दणके गेले. भरकटणंही बरंचसं गेलं, कारण फुगलेला टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो आणि रस्त्यावर उड्या मारत चालतो. हे ऐकून मला फार बरं वाटलं नाही. अलाइनमेंटचे पैसे देऊन झाले होते, आणि दोष फुकटच्या हवेत होता.

दणके हवेने गेले नसते तर टायरचा आकार विचारला असता. १८५/६५ आर १५ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) काढून शोभेसाठी १९५/५५ आर १६ टाकले तर चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तोच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर काही सांगत नाही. पण टायरची बाजूची भिंत १२० मिलिमीटरवरून १०७ वर येते. दणका पिणारं रबर तेवढं कमी झालं. शिवाय रुंद टायर ट्रकनी पाडलेल्या चाकोऱ्यांत शिरून गाडी ओढतो, आणि हे ना बॅलन्सिंगने जातं ना अलाइनमेंटने.

राहिली थरथर. मामांनी कोल्हापुरातल्या एका दुकानात फक्त बॅलन्सिंग करायला सांगितलं, आणि माझ्या सांगण्यावरून यंत्राजवळ उभे राहिले. पुढचं डावं चाक फिरलं आणि पडद्यावर आतल्या बाजूला ३५ ग्रॅम आलं, बाहेर ५. रिमच्या आत बोट घातलं तर चिकटपट्टीचा चौकोनी डाग होता, वजन नव्हतं. धूळ न पुसताच वजन चिकटवलं होतं, ते शंभरएक किलोमीटरमध्ये उडून गेलं. कोल्हापूरच्या दुकानातल्या मुलाने जागा चिंधीने पुसली, नवं वजन दाबून बसवलं आणि चाक पुन्हा फिरवून दोन्ही बाजूंना शून्य आणून दाखवलं. हे दुसऱ्यांदा फिरवणं बघितल्याशिवाय उठू नका. पहिल्या फेरीत यंत्र फक्त चूक सांगतं, ती दुरुस्त झाली का हे दुसऱ्या फेरीत कळतं.

दोन्ही शून्य असूनही थरथर राहिली तर चाक गोल आहे का ते बघायचं. यंत्रावर हळू फिरताना टायरच्या पृष्ठाजवळ खडू धरला की उंचवटा दिसतो. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक उठावदार रेघ गोल फिरलेली असते. तिचं रिमपासूनचं अंतर सगळीकडे सारखं नसेल तर टायर नीट बसलेला नाही, हवा काढून पुन्हा बसवायला हवा. खड्ड्याने रिम वाकली असेल तर तीही इथेच कळते.

आणि गाडी ओढत असेल, पण अलाइनमेंटचा रिपोर्ट हिरवा असेल, तर पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी टाकून बघा. ओढ बाजू बदलली तर दोष टायरच्या बांधणीत आहे, तो वॉरंटीत परत करा. बाजू बदलली नाही तर दोष गाडीत. फक्त टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करता येत नाही.

परतीच्या आदल्या दिवशी मामांचा पुन्हा फोन आला. थरथर नाही, दणके नाहीत, पण महामार्गावर गाडी अजून किंचित डावीकडे जाते. मी म्हटलं, आधी रस्ता बघा. पाणी निघून जावं म्हणून रस्ता डाव्या कडेला उतरता असतो, आणि आपण डावीकडून चालतो. त्यांनी ओळखीच्या साखर कारखान्याच्या मोकळ्या, सपाट तळावर गाडी नेली, ताशी तीसने एकदा जाऊन आणि एकदा उलट येऊन बघितली. दोन्ही वेळा गाडी सरळ गेली.