विंडो उघडण्याआधीची गोष्ट: जीएलएफडब्ल्यूच्या अटी आल्या कुठून?

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका पॅटर्न शॉपसाठी मी छोटा व्ह्यूअर लिहिला होता. फौंड्रीत टाकायच्या पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणाऱ्या नमुन्याचं, थ्रीडी ड्रॉइंग स्क्रीनवर फिरवून बघता यावं, एवढंच त्याचं काम. माझ्या लॅपटॉपवर तो व्यवस्थित चालत होता. शॉपमधल्या संगणकावर मात्र विंडोच उघडेना. मिस्त्री म्हणाले, "सर, काँप्युटर तर चालू हाय की, मग चित्र का येईना?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे तेव्हा धड उत्तर नव्हतं. ते शोधताना, प्रोग्रॅमसाठी विंडो उघडून माउस-कीबोर्ड वाचून देणाऱ्या जीएलएफडब्ल्यू या लायब्ररीच्या कागदपत्रांतलं एक पान पहिल्यांदा नीट वाचलं. कोणत्या प्लॅटफॉर्मवर काय असलं तर काय चालेल, नसलं तर काय बंद पडेल, याची ती यादी. आपण सगळेच ती ओलांडून थेट उदाहरणाच्या कोडकडे जातो. पण तिच्या जवळजवळ प्रत्येक ओळीला इतिहास आहे, आणि तो कळला की चूक कुठे शोधायची ते कळतं. म्हणून ही टिपणी.

सुरुवात १९९२ पासून करावी लागते. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीची आयरिस जीएल नावाची स्वतःची ग्राफिक्स प्रणाली होती. चित्र काढणं, विंडो उघडणं, माउस-कीबोर्ड वाचणं, सगळं तिच्यातच. ती इतरांच्या यंत्रांवरही चालावी म्हणून त्यांनी ओपनजीएल तयार केलं, तेव्हा विंडो आणि इनपुटचा भाग मुद्दाम काढून टाकला. ओपनजीएल फक्त चित्र काढणार, ते कुठे काढायचं हे त्या त्या सिस्टिमनं ठरवायचं. माझ्या मते हा निर्णय शहाणपणाचा होता. तो नसता तर ओपनजीएल एका कंपनीच्या यंत्रांपुरतंच राहिलं असतं. पण त्यामुळे मधे एक जागा रिकामी राहिली. उद्यमनगरात इंजिन एकाचं आणि पंप दुसऱ्याचा असला की दोन्ही शाफ्ट जोडायला कपलिंग लागतं, तसं कपलिंग आता प्रत्येक सिस्टिमला लागणार होतं. युनिक्सच्या एक्स११ या विंडो प्रणालीवर ते जीएलएक्स झालं, विंडोजवर डब्ल्यूजीएल, मॅकवर ॲपलचं स्वतःचं. तिघांची मापं तीन तऱ्हेची.

हे तिन्ही सांधे झाकून वर एकच सोपा चेहरा देणारी पहिली लोकप्रिय लायब्ररी म्हणजे मार्क किल्गार्डची ग्लट. तिची ३.७ ही आवृत्ती १९९८ ची, आणि त्यानंतर ती थांबली. ती फुकट मिळत होती, पण सुधारून पुन्हा वाटायची परवानगी नव्हती. म्हणून १९९९ च्या अखेरीस फ्रीग्लट नव्यानं लिहायला घेतली गेली. सॅम लँटिंगाची एसडीएल १९९८ मध्ये आली. तिचा रोख खेळांवर असल्यानं तिच्यात आवाज आणि बरंच काही होतं. जीएलएफडब्ल्यू मार्कस गीलनार्डनं सुरू केली आणि २००२ पासून ती लोकांच्या हाती आहे. पुढे कामिला लोवी यांनी ती सांभाळली. २०१३ च्या ३.० आवृत्तीत तिची बांधणी पार बदलली. त्याआधी एका प्रोग्रॅमला एकच विंडो मिळायची. ३.० पासून अनेक विंडो आणि अनेक मॉनिटर आले, आणि थ्रेड किंवा चित्रं लोड करणं असली जास्तीची कामं काढून टाकली गेली.

आता अटींकडे. विंडोजचा भाग सविस्तर सांगतो, कारण आमचं घोडं तिथेच अडलं होतं.

विंडोजसोबत येणारी ओपनजीएलची फाइल फक्त १.१ आवृत्तीपर्यंतची फंक्शन्स उघड करते, म्हणजे १९९७ पर्यंतची. त्यापुढचं सगळं ग्राफिक्स ड्रायव्हरकडून, चालू प्रोग्रॅममध्ये पत्ता विचारून घ्यावं लागतं. यात एक विचित्र गाठ आहे. नव्या आवृत्तीचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे ओपनजीएलला चित्र काढायला लागणारी चालू अवस्था, मागायचं फंक्शन हेसुद्धा ड्रायव्हरच देतो. ते विचारायला आधी एक कॉन्टेक्स्ट चालू असावा लागतो. कॉन्टेक्स्टला विंडो लागते, विंडोला पिक्सेल फॉरमॅट (रंग वगैरे पिक्सेलमध्ये कसे साठवायचे ते) लागतो, आणि एका विंडोचा पिक्सेल फॉरमॅट एकदाच ठरवता येतो. म्हणून लायब्ररी आधी एक लपलेली विंडो बनवते, तिच्यावर जुना कॉन्टेक्स्ट उभा करते, हवे ते पत्ते विचारून घेते, आणि मग आपली खरी विंडो बनवते. आपण लिहितो एक ओळ, तिच्या मागे ही सगळी मांडणी. आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नीट बसवलेलाच नसेल तर विंडोज स्वतःच्या सॉफ्टवेअरवरचं १.१ पुढे करतं. त्यावर शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम, नाहीत, म्हणजे आजचा बहुतेक कोड नाही.

शॉपमधल्या संगणकावर ड्रायव्हर होता, पण यंत्र २०११ च्या सुमाराचं. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये ओपनजीएल ३.१ पर्यंतच आधार. मी सवयीनं ३.३ मागितलं होतं, कारण हल्ली शिकवणारे सगळे तिथूनच सुरुवात करतात. पेन ड्राइव्हवरून लिनक्स लावून पाहिलं, तर त्याच यंत्रावर मेसा या लिनक्सच्या मुक्त ग्राफिक्स प्रकल्पाच्या ड्रायव्हरनं ३.३ दिलं आणि व्ह्यूअर उघडला. लोखंड तेच, वर बसलेला ड्रायव्हर वेगळा. किमान अट नुसत्या संगणकाला लागू होत नाही, संगणक आणि ड्रायव्हर या जोडीला लागू होते, हे मला त्या दुपारी कळलं.

लिनक्सच्या अटींची यादी सर्वांत लांब, कारण एक्स११ बरंच जुनं. ते १९८७ चं. विंडो कशी असावी, तिला टायटल बार असावा का, फुलस्क्रीन म्हणजे काय, यावर मूळ प्रोटोकॉलनं ठरवून मौन पाळलं. ते काम विंडो मॅनेजर नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमवर सोडलं. मग प्रोग्रॅम आणि विंडो मॅनेजर यांनी एकमेकांशी बोलायचं कसं, याचे संकेत वेगळे लिहावे लागले: आधी आयसीसीसीएम, नंतर ईडब्ल्यूएमएच. चालू असताना प्रोजेक्टर जोडला किंवा रिझोल्यूशन बदललं तर काय, याची सोय रँडआर या जोडणीत झाली. माउसची कच्ची हालचाल वाचायला एक्सइनपुट, पारदर्शक विंडोला एक्सरेंडर, फाइल ओढून टाकायला आणखी एक संकेत. जीएलएफडब्ल्यू स्वतः कंपाइल करताना 'रँडआरचे हेडर सापडले नाहीत' अशी ओळ येते आणि नवी मुलं लायब्ररी बिघडली समजून सोडून देतात. ती बिघडलेली नसते. तीस-पस्तीस वर्षांत एकावर एक चढलेल्या थरांपैकी एकाचं डेव्हलपमेंट पॅकेज बसवायचं राहिलेलं असतं.

हे थर बाजूला सारण्यासाठी २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी वेलँड सुरू केलं. त्यातून नव्या अटी आल्या. वेलँडमध्ये प्रोग्रॅमला स्वतःची विंडो स्क्रीनवर नेमक्या जागी ठेवता येत नाही, ती कुठे आहे हेही कळत नाही. टायटल बार कोणी काढायचा यावर एकमत नाही. ग्नोम हे लिनक्सचं डेस्कटॉप म्हणतं प्रोग्रॅमनं काढावा. म्हणून लिबडेकॉरसारखी मदतनीस लायब्ररी लागते, नाहीतर विंडो साध्या पट्टीवर भागवते. ३.३ पर्यंत जीएलएफडब्ल्यू एक्स११ साठी बांधायची की वेलँडसाठी, हे कंपाइल करतानाच ठरवावं लागे. फेब्रुवारी २०२४ च्या ३.४ पासून दोन्ही एकाच फाइलमध्ये राहतात आणि प्रोग्रॅम सुरू होताना निवड होते. ज्याला आपला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या यंत्रावर पाठवायचा असतो, त्याच्यासाठी मी हा बदल ३.० नंतरचा सर्वांत मोठा मानतो.

मॅकवर थोडक्यात असं: ओपनजीएल ४.१ च्या पुढे सरकलं नाही, आणि २०१८ मध्ये ॲपलनं ते कालबाह्य ठरवलं. तिथे एक तर जुनं २.१ मिळतं, नाहीतर ३.२ पासून पुढचं फक्त कोर, म्हणजे जुनी फंक्शन्स वगळलेलं. दोन्ही मिसळून चालत नाहीत. विंडोचे इव्हेंट मुख्य थ्रेडवरच वाचावे लागतात. २०१२ मध्ये रेटिना स्क्रीन आल्यावर विंडोचं माप आणि पिक्सेलचं माप वेगळं झालं. जीएलएफडब्ल्यूमध्ये फ्रेमबफरचं, म्हणजे चित्र पिक्सेलमध्ये जिथे उमटतं त्या जागेचं, माप वेगळं विचारावं लागतं ते यासाठी. न विचारल्यास चित्र विंडोच्या एका कोपऱ्यात, पाव भागात उमटतं.

२०१६ मध्ये व्हल्कन हे ओपनजीएलनंतरचं नवं ग्राफिक्स मानक आलं, आणि त्याच वर्षी जीएलएफडब्ल्यूच्या ३.२ आवृत्तीनं त्याला आधार दिला. व्हल्कननंही विंडोचा भाग गाभ्याबाहेरच ठेवला आहे. तो प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या वेगळ्या एक्स्टेन्शनमध्ये असतो. १९९२ ची ती रिकामी जागा अजून तशीच आहे, फक्त आता तिला नावं आणि नियम आहेत.

जुनी यंत्रं यादीतून हळूहळू बाहेर पडतात. जीएलएफडब्ल्यू ३.४ नं विंडोज एक्सपी आणि व्हिस्टा कालबाह्य ठरवले, म्हणजे पुढे कधीतरी ते निघणार. लायब्ररी सांभाळणाऱ्यांचं मला पटतं, कारण जी सिस्टिम तपासायला हाताशी नाही तिची हमी कशी द्यायची? पण उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या छोट्या शॉपमध्ये संगणक बंद पडेपर्यंत बदलत नाहीत. तिथला खर्च आधी लेथवर होतो. त्यांच्यासाठी लिहिणाऱ्यानं ही यादी आधी वाचायला हवी आणि मगच आवृत्ती मागायला हवी.

मी शेवटी व्ह्यूअर ओपनजीएल २.१ वर आणला. शेडर जुन्या पद्धतीनं लिहिले, दोन रात्री गेल्या. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी त्याच संगणकावर पंपाच्या केसिंगचा पॅटर्न उलटसुलट फिरवून पाहिला आणि ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार) एका बाजूला कमी दिलाय ते दाखवलं. आता कुठलंही नवं शॉप मिळालं की आधी एक छोटा प्रोग्रॅम पाठवतो. तो फक्त विंडो उघडायचा प्रयत्न करतो आणि ओपनजीएलची आवृत्ती व ड्रायव्हरचं नाव फाइलमध्ये लिहून ठेवतो. ती फाइल व्हॉट्सॲपवर आली की मग कामाला बसतो.