कार्ताहेना: तटाआधी चौक पाहावा

कोलंबियातल्या कार्ताहेनाला गेलेला माणूस संध्याकाळी तटावर चढतोच. समोर कॅरिबियन समुद्र आणि अंगावर खारा वारा. पण तिथे जरा वाकून तटाचा दगडही पाहावा. त्यात प्रवाळाची जाळी स्पष्ट दिसते.

पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदाराने १५३३ मध्ये हे गाव वसवलं ते इथल्या सुरक्षित उपसागरामुळे. दक्षिण अमेरिकेतली संपत्ती स्पेनला नेणारे ताफे इथे थांबत, त्यामुळे चाचे आणि शत्रूची आरमारं यांचा कायम डोळा असे. १५८६ मध्ये इंग्रज फ्रान्सिस ड्रेकने शहर घेतलं, घरं जाळली आणि १,०७,००० डुकाटांची (तेव्हाचं चलन) खंडणी घेऊनच तो हलला. मग स्पेनच्या राजाने बातिस्ता आन्तोनेल्ली या इटालियन अभियंत्याकडे तटबंदीची आखणी सोपवली. ते बांधकाम पुढे जवळपास दोन शतकं चाललं.

त्याची खरी कसोटी लागली १७४१ मध्ये. इंग्रज अ‍ॅडमिरल व्हर्नन प्रचंड आरमार घेऊन आला. बचावाला होता स्पॅनिश सेनानी ब्लास दे लेसो: एक पाय नाही, एक डोळा गेलेला, एक हात निकामी. इंग्लंडमध्ये विजयाची पदकंसुद्धा आधीच पाडली गेली, त्यांवर लेसो गुडघे टेकून बसलेला! प्रत्यक्षात सान फेलिपे किल्ल्यावरचा हल्ला फसला, तापाच्या साथीने इंग्रज सैनिक पटापट मेले आणि व्हर्ननला माघार घ्यावी लागली. लेसोही त्याच वर्षी इथेच वारला.

ही कथा ऐकवली जाते, आणि ती ऐकण्यासारखीच आहे. मला मात्र वाटतं, शहर पाहायला सुरुवात करावी ती घड्याळ-मनोऱ्यामागच्या प्लासा दे लोस कोचेस या चौकापासून. आज तिथे कमानींखाली मिठाई मिळते. पूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचा बाजार तिथे भरे. तटाचे दगड वाहिले तेही गुलामांनीच. पेद्रो क्लावेर हा जेझुइट धर्मगुरू त्यांच्या शुश्रूषेसाठी जहाजांवर जात असे. त्याच्या अस्थी त्याच्याच नावाच्या चर्चमध्ये वेदीखाली काचेआड ठेवल्या आहेत.

पुढे ११ नोव्हेंबर १८११ ला शहराने स्पेनपासून स्वातंत्र्य पुकारलं, १८१५ च्या स्पॅनिश वेढ्यात हजारो लोक उपासमारीने गेले. १९८४ मध्ये युनेस्कोने इथल्या बंदराला, किल्ल्यांना आणि वास्तूंना जागतिक वारसा ठरवलं.

पळालेल्या गुलामांनी डोंगराच्या आडोशाला सान बासिलिओ दे पालेंके हे आपलं गाव वसवलं. रंगीत घेरदार झगे घालून, डोक्यावर फळांची पाटी घेऊन चौकात उभ्या असणाऱ्या, पर्यटक ज्यांचे फोटो काढतात त्या पालेंकेरा बायका मूळच्या त्याच गावच्या. स्पॅनिश शब्दांची आणि आफ्रिकी वळणाची त्यांची पालेंकेरो भाषा गावात अजून बोलली जाते.