सा विजेच्या तारेतून येतो

मागच्या उन्हाळ्यात वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात एक हॅमंड ऑर्गन, म्हणजे विजेवर वाजणारी मोठी अमेरिकन पेटी, आला. शेजारच्या काकूंचा मुलगा न्यू जर्सीहून कायमचा परतला, तेव्हा घरसामानाच्या कंटेनरमधून त्याने तो आणला. सी-३ मॉडेल, बाकडं आणि पायपट्ट्या धरून पावणेदोनशे किलोंच्या पुढे, सोबत लहान कपाटाएवढा, फिरत्या भोंग्याचा लेस्ली स्पीकर. अमेरिकेत वीज ११७ व्होल्टच्या आसपास असते, म्हणून त्याने स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर जोडला आणि ऑर्गन छान वाजला. संध्याकाळी काकूंनी पेटी काढली, पांढरी एकचा (पहिल्या पांढऱ्या पट्टीचा) षड्ज धरला आणि ऑर्गनवरची तीच पट्टी दाबली. म्हणाल्या, "अरे, हा सा नाही. हा खालचा धैवत आहे. आणि पेटीतल्यापेक्षा गोड आहे."

माझा मोटार रिवाइंडिंगचा धंदा तीस वर्षांचा, म्हणून मला हाक मारली. "व्होल्टेज तर मीटरवर बरोबर दिसतंय, काका," मुलगा म्हणाला. बरोबरच होतं. परदेशी यंत्राला व्होल्टेज जुळवलं की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. मिक्सर, इस्त्री, दिवा यांचं त्यावर भागतंही. या वाद्याचं भागत नाही, कारण याचा सूर व्होल्टेजवर नाही, फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते त्यावर, उभा आहे.

लॉरेन्स हॅमंड मुळात घड्याळवाला. १९२८ मध्ये त्याने विजेच्या घड्याळांची कंपनी काढली. त्या घड्याळांत सिंक्रोनस मोटार असे. ही मोटार व्होल्टेज थोडं कमीजास्त झालं तरी वेग सोडत नाही. ती विजेच्या हेलकाव्याला बांधलेली असते. सहा ध्रुवांची मोटार अमेरिकेतल्या ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० हेलकावे) मिनिटाला बरोबर १२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २०. १९३४ मध्ये हॅमंडने ऑर्गनचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याने हीच मोटार वाद्याच्या पोटात बसवली.

या मोटारीवर एक लांब दांडा फिरतो आणि दात्यांच्या चाकांतून ९१ छोट्या पोलादी चकत्यांना फिरवतो. चकतीच्या कडेला उंचवटे असतात आणि समोर चुंबकाची टोकदार कांडी, तिच्यावर तारेचं वेटोळं. उंचवटा कांडीजवळ आला की चुंबकक्षेत्र बदलतं आणि वेटोळ्यात वीज उमटते. शाळेत फॅरेडेचा प्रयोग केला होता, तोच हा. सेकंदाला ४४० उंचवटे गेले की ४४० हर्ट्झचा स्वर.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. पाश्चात्त्य सप्तकात दोन शेजारच्या पट्ट्यांचं गुणोत्तर म्हणजे २ चं बारावं मूळ, सुमारे १.०५९५. ही संख्या कुठल्याच अपूर्णांकात नेमकी बसत नाही, आणि चाकाला अर्धा दाता काढता येत नाही. मग हॅमंडने बारा स्वरांसाठी दात्यांच्या बारा जोड्या शोधल्या. पांढरी सहासाठी ८८ आणि ६४. २० ला ८८ ने गुणा, ६४ ने भागा, २७.५ येतात. चकतीवर १६ उंचवटे, म्हणजे नेमके ४४०. पांढरी एकसाठी ८५ आणि १०४. तेच गणित केलं की २६१.५४ येतात, हवे होते २६१.६३. पांढरी तीनसाठी १०३ आणि १००. येतात ३२९.६, हवे ३२९.६३. पोलादाच्या दात्यांनी एका अपरिमेय संख्येच्या इतक्या जवळ जाणं मला आजही थक्क करतं. वरच्या सप्तकासाठी त्याच जोडीवर दुप्पट उंचवट्यांची चकती लावायची, की झालं.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. तीच मोटार आता मिनिटाला १००० फेरे घेते आणि प्रत्येक स्वर मूळच्या पाच-षष्ठांश होतो. ४४० चे ३६६.६७. सगळ्या चकत्या एकाच दांड्यावरून फिरतात, त्यामुळे स्वरांची आपसातली नाती तशीच राहतात. म्हणून एकट्याने वाजवताना मुलाला काही खटकलं नाही. काकूंनी पेटी लावली तेव्हाच ते उघडं पडलं. आता एक सप्तक वर जायला पाच-षष्ठांशची दुप्पट करा, पाच-तृतीयांश येतं. तानपुऱ्यावर गाणाऱ्यांचा शुद्ध धैवत बऱ्याचदा षड्जाच्या पाच-तृतीयांश पट असतो. पेटीतला धैवत याहून सुमारे १६ सेंटने चढा असतो (एका पट्टीचे १०० सेंट). ५० आणि ६० या आकड्यांमुळे ऑर्गनचा सा नेमका त्या शुद्ध धैवतावर उतरला होता, आणि काकूंच्या कानाने तो गोडवा आकडेमोडीशिवाय ओळखला.

तिथे जमलेल्यांपैकी एकाने सुचवलं, आता बदलतोच आहोत तर ४३२ हर्ट्झला लावा, त्याने आजार बरे होतात, निसर्गाचा तोच सूर आहे. मी त्यांना एवढंच विचारलं की हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती, आणि सेकंद कुणी ठरवला? माणसाने. दिवसाचे भाग वेगळे पाडले असते तर तोच सूर ४३२ ऐवजी दुसऱ्याच आकड्याचा झाला असता. आकड्याला औषधी गुण नसतो. ४४० हादेखील १९३९ च्या लंडनच्या परिषदेत ठरलेला सोयीचा करार आहे, काहीजण म्हणतात तसं त्यात कटकारस्थान काही नाही.

खरा चमत्कार आपल्या गावातच आहे. गुजरातच्या विजेवर लक्ष ठेवणारं राज्याचं लोड डिस्पॅच सेंटर गोत्रीला आहे. देशभराचं ग्रिड ३१ डिसेंबर २०१३ पासून एका लयीत चालतं आणि फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवायचा नियम आहे. खालच्या टोकाला ऑर्गन साडेतीन सेंट उतरेल, एवढं कुणाला ऐकू येणार नाही. पण पंचवीस वर्षांपूर्वी मागणी वाढली की फ्रिक्वेन्सी ४८.५ पर्यंत घसरत असे. तेव्हा हे वाद्य आणखी अर्धी पट्टी खाली बसलं असतं. शेतावरचे पंप सुरू झाले की दांडिया बाजारातला सा हलला असता.

उपाय साधा निघाला. ६० हर्ट्झला लावता येणारा ऑनलाइन यूपीएस (घरच्या विजेपासून सतत स्वतःची नवी वीज बनवणारा) घेतला आणि स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर त्याच्या पुढे बसवला. यूपीएस प्युअर साइन, म्हणजे गुळगुळीत लाटेचा हवा, चौकोनी लाटेचा स्वस्त इन्व्हर्टर आवाजात गुणगुण घालतो. दुसरा फायदा असा की ऑर्गनच्या आतला ६० हर्ट्झसाठीचा ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला की त्याच्या गाभ्यातलं चुंबकत्व वीस टक्के वाढतं आणि तो जास्त तापतो. ते टळलं.

सुरू करायला दोन बटणं आहेत. सिंक्रोनस मोटारीला स्वतः वेग घेता येत नाही, फिरत्या चक्रीत चढायचं तर आधी बरोबरीने धावावं लागतं तसं. 'स्टार्ट' सुमारे आठ सेकंद धरायचं, मग 'रन' लावायचं, आणखी चार सेकंदांनी 'स्टार्ट' सोडायचं. हॅमंडच्या घड्याळांनाही पहिली गिरकी हाताने द्यावी लागे.

लेस्लीत वरचे स्वर फिरत्या भोंग्यातून येतात, खर्ज फिरत्या लाकडी पिंपातून. भोंग्याचं तोंड आसापासून २० सेंटिमीटर धरलं आणि मिनिटाला ४०० फेरे, तर ते सेकंदाला ८.४ मीटर पळतं. आपल्याकडे येताना सूर सुमारे चाळीस सेंट चढतो, जाताना तेवढाच उतरतो. हाच डॉप्लर परिणाम, आणि त्यातून ती थरथर. भोंग्याला तोंडं दोन दिसतात, आवाज एकातूनच येतो, दुसरं तोल राखायला.

जोडताना मात्र सावध राहा. केबलमधून सुरांबरोबर घरची वीजही जाते. आमचा लेस्ली १२२ मॉडेलचा आहे. १४७ चाही प्लग सहा पिनांचा असतो आणि तो यात बसतो, पण आतली जोडणी वेगळी आहे. चुकीची केबल लावली तर अँप्लिफायर जळू शकतो. वीज बंद केल्यावरही आतले कंडेन्सर भारलेले राहतात, हात घालण्याआधी ते रेझिस्टर लावून रिकामे करायचे.

चकत्यांना तेल घातलं. ते कपांतून सुती धाग्यांवर झिरपत एकेका बेअरिंगपर्यंत पोचतं, त्याला दिवस लागतात. खालच्या सप्तकातल्या दोन चकत्या अजून किणकिणतात. काकू रोज संध्याकाळी पेटीशी पांढरी एक ताडून बघतात, आणि त्या दोन पट्ट्या सोडून वाजवतात.