घरच्या घरी रक्तदाबमापन

रुग्णाने स्वतः किंवा घरातल्या कोणी स्वयंचलित यंत्राने रक्तदाब मोजून त्याची नोंद ठेवण्याची पद्धत. उच्च रक्तदाबाचे निदान पक्के करण्यासाठी आणि चालू औषधे पुरी पडतात की नाही हे पाहण्यासाठी ती मुख्यतः वापरतात. रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये (मिमी) सांगतात. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा धमन्यांतील दाब हा वरचा आकडा आणि ते सैल पडते तेव्हाचा दाब हा खालचा.

काही लोकांचा रक्तदाब डॉक्टरांसमोर बसले की चढतो आणि घरी आले की उतरतो. अशांना विनाकारण औषधे सुरू होण्याचा धोका असतो. याच्या उलट प्रकार अधिक फसवा. दवाखान्यात आकडे छान येतात, घरी मात्र दाब चढलेलाच असतो. या छुप्या उच्च रक्तदाबाचा हृदयाला व मेंदूला असलेला धोका खराच असतो, आणि घरी किंवा चोवीस तास अंगावर बाळगायच्या यंत्राने मोजल्याशिवाय तो कळत नाही.

दंडाला हवेचा पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची युक्ती इटालियन वैद्य रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये मांडली. पट्टा सैल होताना स्टेथोस्कोपने धमनीतले आवाज ऐकण्याची रीत रशियन शल्यचिकित्सक कोरोटकॉव्ह यांनी १९०५ मध्ये दिली. घरगुती यंत्र मात्र काही ऐकत नाही. धमनीच्या ठोक्यांमुळे पट्ट्यातल्या हवेच्या दाबात बारीक स्पंदने उमटतात, ती ते टिपते. स्पंदने सर्वांत मोठी होतात तो दाब सरासरी धमनीदाबाच्या जवळ असतो, आणि वरचा-खालचा आकडा यंत्र त्यावरून स्वतःच्या गणिताने काढते. हे गणित प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असते, त्यामुळे दोन यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. मोजताना हात हलला तर ती हालचालही यंत्राला स्पंदनासारखीच वाटते. नाडी अनियमित असेल, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर), तर एका मोजणीवर विसंबता येत नाही. तेव्हा तीन मोजण्यांची सरासरी धरतात.

यंत्र निवडताना ते प्रमाणित चाचणीत उतरले आहे का, एवढे पाहावे. पडद्याचा आकार आणि मोबाइलला जोडण्याची सोय या दुय्यम गोष्टी. सध्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान ८५ व्यक्तींवर चाचणी होते आणि यंत्राची सरासरी चूक ५ मिमीपेक्षा जास्त चालत नाही. तरीही हा हिशेब समूहाचा असतो. एखाद्या माणसाच्या बाबतीत चांगले यंत्रही सातत्याने चुकू शकते, म्हणून नवे यंत्र एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या मोजणीशी ताडून पाहावे. दंडाला बांधायचेच यंत्र घ्यावे. मनगटाची यंत्रे हात जरा वर-खाली झाला की फसतात, आणि बोटावरची यंत्रे किंवा पट्ट्याशिवाय दाब सांगणारी घड्याळे यांची शिफारस होत नाही.

सर्वांत जास्त घोळ पट्ट्याच्या मापात होतो, आणि बहुतेकांना त्याची कल्पनाही नसते. यंत्रासोबत येणारा पट्टा मध्यम दंडासाठी असतो. जाड दंडाला तो आखूड पडला की आकडा खोटा वाढतो. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला, तर वरच्या आकड्यात जवळपास २० मिमीची भर पडल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात (२०२३) दिसले. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजावा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी जुळवावा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या खळगीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, आत एक-दोन बोटे जातील इतपत घट्ट बांधतात. बाही वर गुंडाळली की तिचाच दंडाला आवळा बसतो, तेव्हा हात बाहीतून बाहेर काढलेला बरा.

पट्ट्याचा मध्य हृदयाच्या पातळीत हवा. हात १० सेंटिमीटर खाली गेला तर रक्ताच्या स्तंभाच्या वजनाने आकडा ७ ते ८ मिमीने वाढतो, वर गेला तर तेवढाच घटतो. हात मांडीवर ठेवणे किंवा बाजूला लोंबकळत सोडणे चूकच. टेबल बुटके असेल तर कोपराखाली उशी ठेवावी. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर सपाट, पाय एकमेकांवर न टाकलेले. मोजणीआधी अर्धा तास चहा, कॉफी, धूम्रपान, व्यायाम टाळावा, लघवीला जाऊन यावे आणि पाच मिनिटे नुसते बसावे. पट्टा फुगत असताना बोलल्यानेही वरचा आकडा १० मिमीच्या आसपास चढू शकतो. शेजारी बसलेल्यांनीही तेवढा वेळ प्रश्न विचारू नयेत.

सुरुवातीला दोन्ही दंडांवर मोजून पाहतात आणि ज्या हाताचा आकडा जास्त येतो, पुढे तोच हात धरतात. दोन हातांत सातत्याने १० मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर डॉक्टरांना सांगावे. डायलिसिससाठी फिस्टुला (शस्त्रक्रियेने धमनी व शीर जोडून केलेला मार्ग) केलेल्या हाताला पट्टा बांधत नाहीत.

एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, कारण रक्तदाब मिनिटामिनिटाला बदलतो. म्हणून सात दिवस सकाळी (औषध व न्याहारीच्या आधी) आणि संध्याकाळी, दर वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजतात. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी घेतात. ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर युरोपीय मार्गदर्शक सूचना तिला उच्च रक्तदाब मानतात; दवाखान्यातील मर्यादा १४०/९० आहे. अमेरिकी सूचनांत घरची मर्यादा १३०/८० इतकी खाली आहे. आकडे यंत्राच्या स्मृतीतून जसेच्या तसे उतरवावेत. हाताने लिहिणारे बरेच जण नकळत शेवटचा अंक शून्य किंवा पाच करून टाकतात, आणि न आवडलेली मोजणी गाळतात. आकडा आवडेपर्यंत पुन्हा पुन्हा मोजत राहणे हा त्याचाच दुसरा अवतार. त्यातली धास्ती दाब आणखी चढवते.

वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला तर काही मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे, औषधाची जादा गोळी आपल्या मनाने घेऊ नये. सोबत छातीत दुखणे, धाप, एका बाजूचा अशक्तपणा, बोलताना अडखळणे किंवा अचानक अंधारी येणे असेल, तर पुन्हा मोजण्यात वेळ न घालवता थेट तातडीच्या विभागात जावे.