व्यावसायिक परिषदांची घडण आणि नाशिककर प्रतिनिधी

नाशिकमधील डॉक्टर, प्राध्यापक, अभियंते आणि द्राक्ष बागायतदार दरवर्षी कोणत्या ना कोणत्या परिषदेला जातात. काहींना तेथून वर्षभर पुरेल एवढी शिदोरी मिळते, तर काहींच्या हाती पिशवी, बिल्ला आणि प्रमाणपत्र एवढेच पडते. या तफावतीचा उलगडा परिषदांच्या इतिहासात बराचसा होतो, कारण व्यासपीठावरील कार्यक्रम आणि त्याच्या आगेमागे घडणारे काम यांतील अंतर पहिल्यापासूनच मोठे आहे.

सप्टेंबर 1860 मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे युरोपभरातील रसायनशास्त्रज्ञ एकत्र आले. अणू कशाला म्हणावे, रेणू कशाला आणि अणुभार कसे ठरवावेत याविषयी तेव्हा एवढा गोंधळ होता की, जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या ॲसिटिक आम्लाची 19 वेगवेगळी सूत्रे नोंदवली होती. तीन दिवसांच्या चर्चेनंतरही परिषद ठोस निर्णयाविना संपली. मात्र अखेरीस इटालियन रसायनशास्त्रज्ञ कानिझ्झारो यांच्या, अणुभार नीट कसे ठरवावेत हे सांगणाऱ्या 1858 च्या निबंधाच्या प्रती उपस्थितांना वाटण्यात आल्या. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लोथार मायर यांनी ती पुस्तिका परतीच्या वाटेवर वाचली, घरी पोहोचल्यावर पुन्हा वाचली आणि त्यांच्या शंका फिटल्या. याच परिषदेला आलेल्या तरुण मेंडेलीव्ह यांनी 1869 मध्ये आवर्तसारणी मांडली, तिला या सुधारित अणुभारांचा आधार होता. इतिवृत्तावरून पाहिले तर ही परिषद फसलेलीच म्हणावी लागेल!

आपल्याकडील परंपरेचा एक धागा नाशिक जिल्ह्यातूनच जातो. निफाड येथे 1842 मध्ये जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 1887 मध्ये सुरू झालेल्या सामाजिक परिषदेचे आधारस्तंभ होते आणि 1890 मध्ये पुण्यात भरलेल्या औद्योगिक परिषदेमागेही तेच होते. सामाजिक परिषदेतील त्यांच्या भाषणांत प्रांतोप्रांतीच्या संस्थांनी वर्षभरात काय केले याचा आढावा असे. म्हणजे प्रतिनिधीने येताना कामाचा हिशेब आणावा, ही अपेक्षा त्यात गृहीत होती. पुढे जानेवारी 1914 मध्ये कलकत्त्यात भारतीय विज्ञान काँग्रेसचे पहिले अधिवेशन आशुतोष मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली झाले. तेथे 105 शास्त्रज्ञ आणि 35 निबंध होते. एवढ्या छोट्या मेळ्यात प्रत्येकाला जवळपास प्रत्येकाशी बोलता येत असणार. आजच्या हजारोंच्या मेळाव्यात ते आपोआप घडत नाही. कोणाला भेटायचे हे घरून निघण्यापूर्वीच ठरवावे लागते.

ही अडचण आयोजकांनाही जाणवली. अमेरिकेत 1931 मध्ये सुरू झालेल्या, शास्त्रज्ञांच्या गॉर्डन परिषदांनी दुपार मोकळी ठेवण्याची आणि तेथे बोललेले बाहेर उद्धृत न करण्याची शिस्त रुजवली, जेणेकरून अपुऱ्या राहिलेल्या प्रयोगांविषयी लोक मोकळेपणाने बोलतील. 1970 च्या आगेमागे संशोधन भाषणाऐवजी भित्तिपत्रकावर (पोस्टरवर) मांडण्याची पद्धत रूढ होऊ लागली. आपल्याकडे पोस्टर म्हणजे भाषणाची संधी न मिळालेल्यांची सोय, असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. वक्त्याला पाच मिनिटांत एखादा प्रश्न विचारता येतो, तर पोस्टरपाशी अर्धा तास उभे राहून मूळ आकडेवारीच तपासता येते.

वैद्यकीय क्षेत्रात परिषदेला नियमाचे बळ मिळाले. भारतीय वैद्यक परिषद (मेडिकल कौन्सिल) या नियामक संस्थेच्या 2002 च्या आचारविषयक नियमांनी डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान 30 तास निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांत सहभागी व्हावे असे सांगितले. हेतू रास्त होता, पण तास मोजले जाऊ लागले की सही करून बाहेर पडणारेही वाढतात. 2009 च्या दुरुस्तीने औषध कंपन्यांच्या खर्चाने परिषदेला जाण्यास मनाई केली. ती कितपत पाळली जाते हा वेगळा विषय. परंतु स्वतःच्या खिशातून शुल्क भरणारा डॉक्टर कार्यक्रमपत्रिका आधी वाचतो, एवढे मात्र खरे.

नाशिकला या बाबतीत शिकण्यासारखे उदाहरण द्राक्षबागांतच आहे. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाची वार्षिक परिषद बहुधा ऑगस्टमध्ये होते आणि तेथे बागायतदार व शास्त्रज्ञ समोरासमोर येतात. 2010 मध्ये सीसीसी या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हापासून रेसिड्यू, म्हणजे फळात उरणारा रसायनांचा अंश, हा चर्चासत्रांतला कायमचा विषय झाला आहे. येणारा बागायतदार बहुधा पानदेठ परीक्षणाचा (वेलीतील अन्नद्रव्यांच्या तपासणीचा) अहवाल किंवा रोगट पानाचा फोटो सोबत घेऊन येतो आणि सत्र संपल्यावर शास्त्रज्ञाला गाठतो. शिवाय गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असल्याने ऐकलेली शिफारस त्याच हंगामात दोन-चार ओळींवर करून पाहता येते, आणि ती फसली तर कोणाला फोन करायचा हेही ठाऊक झालेले असते.